दादाच्या हातातला वस्तरा

आमच्या दुकानात दोन खुर्च्या. आतली दादाची, दाराजवळची माझी. बावीस वर्षं दादाने त्या खुर्चीत लोकांच्या दाढ्या केल्या आणि कोणाच्या गळ्यावर साधा ओरखडा उठू दिला नाही. माझ्या नावावर ओरखडे बरेच आहेत, पण विषय माझा नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मास्तरांची दाढी अर्धी झाली असताना दादा एकदम थांबला. छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, घामाने सदरा भिजला. "मी चाललो रे," एवढंच म्हणाला आणि मटकन खाली बसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर साबण लागलेल्या तोंडानेच आमच्याबरोबर दवाखान्यात आले. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. "भीतीचा झटका आहे, जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो! पंधरा दिवसांत आणखी तीन झटके आले. आता दादाला स्वतःच्या मरणाची भीती नव्हतीच. "हात हलला आणि कुणाचा गळा चिरला तर?" हे एकच त्याच्या डोक्यात बसलं. गिऱ्हाइकं उंटावरून शेळ्या हाकत होती. मन घट्ट कर, थंड पाणी पी, विचारच करू नकोस. जणू तो विचार दादाने हौसेने पाळला होता.

आणि मी शहाण्याने काय केलं, तर वस्तरा त्याच्याकडून काढून घेतला. "दाढ्या मी करतो, तू नुसते केस काप." रोगापेक्षा औषध भयंकर. महिन्याभरात त्याला कात्रीचीही धास्ती वाटायला लागली. मग तो फक्त खाली पडलेले केस झाडायचा. मग वहिनी सोबत असल्याशिवाय रस्त्यावर येईना. शेवटी घराबाहेरच पडेना. आम्ही मायेने त्याचं जग एका खोलीएवढं करून ठेवलं होतं.

वहिनीनेच त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी माझीच बिनपाण्याने केली. "तुम्ही भावाला नाही, त्याच्या भीतीला जपताय. झटका चढतो तसा थोड्या वेळात आपला आपण उतरतो. पण पळून गेलं की तो उतरताना दिसतच नाही."

मग दादाने चहा कमी केला, वेळेवर झोपायला लागला, श्वास सावकाश आणि लांब सोडायला शिकला. आणि वस्तरा पुन्हा हातात घेतला, तो फुग्यावर! फुग्याला साबण लावायचा आणि न फोडता तो साफ करायचा. नवशिके असंच शिकतात. बावीस वर्षांच्या कारागिराने तीन फुगे फोडले आणि भिंतीकडे तोंड करून रडला. चौथा टिकला. पुढे स्वतःचा गाल. उरला तो दुसऱ्याचा गळा.

"तुझ्यावर करून बघतो," दादा म्हणाला. "नाही जमलं तर माझी खुर्ची विकून टाक."

सुट्टीच्या दिवशी दुकानात आम्ही दोघंच. ठरलं होतं असं, की झटका आला तर त्याने वस्तरा खाली ठेवायचा, पण जागा सोडायची नाही. मी उठायचं नाही आणि बोलायचंही नाही. एक गाल छान झाला. दुसऱ्याला हात घातला आणि आरशात मला त्याच्या वरच्या ओठावर घाम दिसला. त्याने वस्तरा ठेवला आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. त्याची थरथर माझ्या पाठीला लागत होती. मी दात आवळून बसलो. गालावरचा साबण वाळला. आणि खरंच, हळूहळू खुर्ची स्थिर झाली.

दादाने तळवे पुसले, नवा साबण लावला, वस्तरा उचलला. हात अगदी पूर्वीसारखा.

"मान वर कर."

माझी मान वर होईना. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या, तरी हनुवटी छातीला चिकटलेलीच. ज्याने मला हे काम शिकवलं, त्याच्यापुढे मी गळा उघडा करू शकत नव्हतो. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"घाई नाही," तो म्हणाला. "मी थांबतो."

वस्तरा धरून तो तसाच उभा राहिला. मी मान खाली घालून रडत होतो.