घड्याळ पाहून येणारा रोग

मंडळी, आज माझ्या काकूंच्या नातीला, मुग्धाला, घेऊन राजापेठेत सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "सकाळी बोटं आखडतात आणि दुपारपर्यंत मोकळी होतात?"

मुग्धा हो म्हणाली आणि मी मनानं थेट एकोणीसशे पासष्टच्या सुमाराच्या आमच्या अकोल्याच्या घरात पोचलो.

तेव्हा काकूंना पहाटे जात्याचा खुंटा धरवत नसे. दुपारी मात्र त्या देवाच्या वाती वळत. घरात वकील दोन होते, पण निकाल आत्याच देई. "सकायी हात आखडते अन् दुपारी मोकये होते? असा कोणता रोग घड्याय पाहून येते वं?"

सगळे हसत. काकू बोटं पदरात लपवत. कामचोर ठरल्या त्या शेवटपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीरात निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. जंतू आले की ती रक्तातल्या शिपायांना बोलावतात. या रोगात जंतू नसतानाही बोलावणी सुटत राहतात, आणि शिपाई आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. आता तो निरोप अडवणारी इंजेक्शनं आहेत.

"ही प्रथिनं पहाटेच जास्त वाढतात," त्या म्हणाल्या.

म्हणजे रोग खरोखर घड्याळ पाहूनच येतो, आत्या!

इतका वेळ मुग्धाची बोटं ओढणीत होती. तिनं ती हळूच बाहेर काढून टेबलावर ठेवली.

तुमच्या घरी दुपारी बरं होणारं कोणी आहे? त्याची सकाळ कधी विचारलीत?