मधलं दार

माझी आत्या कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होती. इस्पितळाच्या मागे, जेमतेम दहा माणसांचा कारखाना. शाळा सुटली की मी तिथेच जायचे. लाकडाच्या भुशाचा तो वास अजून नाकात आहे.

आत्या रुजू झाली तेव्हा काम रडतखडत चाललं होतं. मोठ्या साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. जास्त पाय बनवेल त्याला बक्षीस. पाय वाढले, पण दुरुस्तीला परतही यायला लागले. सगळ्यात कसबी कारागिराला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तर राजीनामाच पुढे केला.

आत्याने तो पर्समध्ये टाकला. ‘‘आधी चहा घेऊ.’’

आठवडाभर ती एकेकाजवळ स्टूल ओढून बसली. पॉलिशवाल्या ताईंना आजारी आईसाठी तासभर लवकर सुटायचं होतं. पट्टे शिवणाऱ्या काकांना खिडकीजवळची जागा हवी होती. दोघांचंही काम झालं.

‘‘आणि तुम्हाला, मास्तर?’’

‘‘मला काही नको. बावीस वर्षं पाय घडवतोय, बाई. त्यातला एकही चालताना पाहिला नाही.’’

आत्याने भिंतीकडे पाहिलं. पाय बसवायची खोली भिंतीपलीकडेच होती. मधल्या दाराला कपाट लावलेलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी ते सरकवलं.

‘‘कामाचा खोळंबा होईल,’’ साहेब कुरकुरले.

‘‘झाला तर मला बोला,’’ आत्या म्हणाली.

त्या दुपारी मी तिथे होते. एक शिक्षिका कठड्याला धरून उभी राहिली. एक पाऊल, मग दुसरं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र तिच्या टाचेकडे बघत होते. ते खाली बसले.

‘‘आतल्या बाजूने टोचतंय ना?’’

‘‘हो. मला वाटलं, असंच असतं.’’

‘‘असंच नसतं!’’ मास्तर जवळजवळ रागावलेच. पाय काढून घेतला आणि कानस घेऊन बसले. अर्ध्या तासाने ती पुन्हा चालली, कठडा सोडून. मास्तर चष्मा पुसत राहिले, कितीतरी वेळ.

पुढे तक्ता साहेबांनी स्वतःच उतरवला. दुरुस्तीला येणारे पाय कमी झाले. मास्तर आणखी अकरा वर्षं टिकले.

मी एकदा आत्याला विचारलं, ‘‘तुला हे सुचलं कसं गं?’’

‘‘सुचायचं काय त्यात? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.’’

निवृत्तीनंतरही दर मंगळवारी मास्तर यायचे, पाय बसवायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला कुठे झिजल्यात ते न्याहाळायचे आणि मधूनच कुणाला तरी थांबवायचे, ‘‘टोचतंय ना?’’