बाणासाठी सोडलेली खुर्ची

धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मी काम करतो. गाळपाच्या दिवसांतली दुपार होती. मळीचा गोडसर वास, हातात चहा, डोळ्यांवर गुंगी. तेवढ्यात समोरच्या कॉम्प्युटरवरचा माउसचा बाण आपोआप हलू लागला.

कुणी दचकलं नाही. बॉयलर इंटरनेटला जोडल्यापासून तो बसवणाऱ्या कंपनीचे साहेब पुण्यातूनच आमचा कॉम्प्युटर चालवून दुरुस्ती करायचे. "साहेब आले," म्हणत मी अदबीनं खुर्ची सोडली. बाण पाण्यावरच्या पानासारखा तरंगत होता. एकेका पंपापाशी थांबायचा, पुढं सरकायचा. लई देखणं दिसत होतं ते.

मग त्यानं बॉयलरला पाणी देणारा पंप बंद केला.

पाण्याविना तापलेला बॉयलर फुटू शकतो. मी घाबरून साहेबांना फोन लावला. पलीकडं सनई वाजत होती. "अहो, मी लग्नात आहे. लॅपटॉप घरी आहे."

मी इंटरनेटची वायर उपटली. बाण थांबला. पंप पुन्हा चालू केला.

चार दिवसांत कारखान्यानं वायर परत जोडली. साहेबांना एवढ्या लांब यायला जमत न्हाय म्हणे!

आता बाण हलला तरी मी खुर्ची सोडत नाही. दारात उभ्या माणसाला विचारावं तसं विचारतो, "कोण हाय?"

बाण नुसता हलत राहतो.