पाचवा रकाना

माझी मावशी एकतीस वर्षं एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि गिऱ्हाइकं तिला पाठीमागे 'चौकशीखिडकी' म्हणायची. तिला हे ठाऊक होतं. खिडकी तरी म्हणतात, भिंत नाही ना म्हणत, असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची, कारण तिच्या घरात हसायला दुसरं कुणी नव्हतं. दुकानाच्या वरच दोन खोल्या. खुर्च्या दोन, त्यातली एक बसायची आणि एक धुतलेले कपडे टाकायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची सोय नव्हती. जगाला प्रश्न विचारणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत ताकास तूर लागू देत नसे.

आता थोडं औषधांबद्दल सांगायला हवं, त्यावाचून पुढचं कळणार नाही. सरकारने औषधं तीन वर्गांत बसवली आहेत. पहिल्या वर्गातली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हातात पडत नाहीत. तिसऱ्या वर्गातली किराणा दुकानातसुद्धा मिळतात. साबणाशेजारच्या फळीवरून उचला आणि चालू लागा. मधल्या वर्गातल्यांना चिठ्ठी लागत नाही, पण ती फार्मासिस्टने काउंटरच्या आतून, चार प्रश्न विचारून मगच द्यायची. कुणासाठी हवी, किती दिवस त्रास होतोय, दुसरं कोणतं औषध चालू आहे का, आधी कधी घेतली होती का. शिंका थांबवणारी एक छोटी पिवळी गोळी या मधल्या वर्गात होती. तिने झोप येते आणि काही औषधांशी तिचं पटत नाही, म्हणून दर वेळी वहीत नोंद करायची. माणसाचं नाव नाही, नुसती तारीख, गोळ्या किती, कुणासाठी, दिली की नाकारली, आणि पाचव्या रकान्यात शेरा.

मावशीचा जीव त्या पाचव्या रकान्यात होता. तिथे खरं तर 'सर्दी' किंवा 'धुळीचा त्रास' एवढंच लिहायचं असतं. पण माणूस दुखण्याचं सांगायला लागला की दुखण्यावर थांबत नाही, आणि कुणाला मध्येच थांबवणं मावशीच्या जिवावर यायचं. मग ऐकलेलं सगळं ती तिथे उतरवायची. 'शिंका. घराला नवा रंग दिला, सासूबाईंना रंग पसंत नाही.' 'परीक्षेत तिसऱ्यांदा नापास, वडिलांना अजून सांगितलेलं नाही.' 'डोळ्यांना पाणी. शिंकांमुळे नव्हे.' रकाना दोन बोटं रुंद, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं. मागे रांग खोळंबायची, दुकानाचा मालक खाकरायचा आणि मावशी आपली लिहीत असायची. ही नसती उठाठेव कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी त्यांना विचारणार कसं?

आणि ती खरंच विचारायची. पुढच्या वेळी तोच माणूस आला की मागची पानं उलटून, वडिलांना सांगितलंत का, असं हळूच विचारायची. काही चिडायचे. बरेचसे पुन्हा यायचे. काहींना तर शिंकाच येत नसाव्यात अशी मला शंका आहे.

मग सरकारचं पत्र आलं. या पिवळ्या गोळीने दहा वर्षांत कुणाचं मोठं नुकसान झालेलं दिसत नाही, तेव्हा ती किराण्याच्या फळीवर आणायचा विचार आहे, असं त्यात होतं. निवडक वीस दुकानांनी मागच्या सहा वर्षांच्या नोंदी पाठवायच्या होत्या, आणि त्या विसांत मावशीचं दुकान होतं. प्रश्न विचारल्यामुळे किती जणांना गोळी नाकारावी लागली, यावर निकाल ठरणार होता. नकार पुष्कळ निघाले तर प्रश्न हवेत. नाही निघाले तर लोकांना उगाच अडवायचं कशाला? सरकारचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं.

मावशीने दोन सुट्ट्या घालवून मोजलं. नोंदी चार हजारांच्या वर. नकार अकरा.

मालकाने लगेच तोडगा काढला. कोरी वही आणा, बसून सगळं नव्याने उतरवा, अकराचे तीनशे करा, आणि ते भलतेसलते शेरेही त्यात गाळून टाका. बाकीच्या दुकानांतही हेच चाललंय, असं त्याचं म्हणणं. मावशीने त्या दिवशी मला फोन केला. मी भांडी घासत होते, फोन ओट्यावर ठेवलेला. तिने सगळं सांगितलं आणि मी म्हटलं, लिही की तीनशे, कोण बघायला बसलंय?

मी हे बिनधास्त बोलून गेले, पण तिचं काय जाणार आहे ते मला पक्कं माहीत होतं. चिठ्ठीवाली गिऱ्हाइकं मुकाट्याने चिठ्ठी सरकवतात आणि पाकीट घेऊन जातात. त्यांना जे विचारायचं ते डॉक्टरांनी विचारलेलं असतं. तिच्या दिवसभरातलं बोलणं म्हणजे ती पिवळी गोळी. गोळी गेली की माणसं गेली, आणि वरच्या दोन खोल्यांत तर कुणीच नव्हतं. ती पुढे काहीतरी म्हणाली ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही. मी नळ बंद केला.

"माझ्याशी बोलायला लोकांना सरकारने भाग पाडायचं, हे काही बरं दिसत नाही गं," मावशी म्हणाली.

भांडी राहिलीत, रविवारी बोलू, असं सांगून मी फोन ठेवला. रविवारी मी फोन केला नाही. कामं होती, पण इतकीही नव्हती.

तिने आहे ती वही आहे तशी पाठवली. अकरा नकार आणि मुंगीच्या अक्षरातले चार हजार शेरे. मालकाने याला हात दाखवून अवलक्षण म्हटलं आणि आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही, म्हणजे होतं तेही एक माणूस कमी झालं.

तीन महिन्यांनी गोळी फळीवर गेली. गरज सरो, वैद्य मरो, असं आपण म्हणतो. इथे वैद्य धडधाकट होता आणि रोज सकाळी नऊला स्टुलावर येऊन बसत होता, हीच अडचण. मी दोन दिवस रजा काढून गेले, तेव्हा काउंटरच्या आत तिच्याशेजारी बसले. चिठ्ठ्या येत होत्या, पाकिटं जात होती. 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' याखेरीज ती सकाळभर काही बोलली नाही. बाहेर रस्त्यावर कुणी शिंकलं की मात्र मान वर करून दाराकडे बघायची. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

त्याच दुपारी टपालाने वही परत आली. सोबत छापील पत्र: पाचव्या रकान्यातील मजकूर विहित नमुन्यात नाही, यापुढे दक्षता घ्यावी. मावशीने ते घडी घालून खणात टाकलं. वही चाळताना एका पानातून कागदाचा चिटोरा पडला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, खाली सही नाही, हुद्दा नाही. सरकारी कचेरीतल्या कुणीतरी चार हजार नोंदी खरोखरच वाचल्या होत्या.

'पान एकशे बारा. हे गृहस्थ पत्नी गेल्यापासून पलंगावर झोपत नाहीत, खुर्चीतच झोपतात असं लिहिलं आहे. ते पलंगावर झोपायला लागले का?'

मावशीने चिटोरा दोनदा वाचला. मग पान एकशे बारा उघडून तारीख पाहिली. दुकान बंद व्हायची वेळ होईपर्यंत तिने तो चिटोरा समोर ठेवला होता. मी म्हटलं, काहीतरी बरं लिहून टाक, झोपतात म्हणून, विचारणाऱ्यालाही बरं वाटेल. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग पेन घेतलं, चिटोऱ्याच्या मागे लिहिलं आणि अक्षर लागतंय का ते बघायला मला दिलं. या वेळी अक्षर मोठं होतं.

'कळलं नाही. ते आता गोळी किराणा दुकानातून घेतात.'