पहिल्या मजल्यावरचं स्टूल

आमचे हे भिंती रंगवतात आणि गप्प बसतात. दोन्ही कामं अगदी मन लावून करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली असतील तर शपथ! कामावर सगळे ह्यांना 'घुम्या' म्हणतात आणि ते ह्यांना मनातून आवडतं. भिंत घासायची, धूळ खायची, मग सिगारेट ओढत त्याच भिंतीकडे बघत बसायचं. मी काय करणार? आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून गच्चीवर झाडं लावली आणि त्यांच्याशीच बोलायला लागले.

असा हा माणूस गेल्या वर्षापासून संध्याकाळी येताना पहिल्या मजल्यावर रेंगाळायला लागला. तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहते. एकटी, दिसायला बरी. खालचं दार वाजलं की मी भाजी गरम करायला ठेवायची, ती करपायला आली तरी ह्यांचा पत्ता नाही.

"कुठे होतात?"

"बोलत होतो."

बोलत होतो! हे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एका संध्याकाळी चप्पल हातात घेऊन दबक्या पावलांनी जिना उतरले. कठड्यावरून वाकून बघते तर हे तिच्या दाराशी स्टुलावर बसलेले. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, ओठांचा चंबू करून श्वास सोडतायत. ती बाई ह्यांचा डबा धरून नुसती उभी. कोणी कोणाशी एक शब्द बोलत नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला आणि उरलेल्या पायऱ्या मी धावतच उतरले.

"वहिनी, मी कितीदा म्हटलं, घरी सांगा," ती म्हणाली. "ऐकतच नाहीत."

"वय झालं... दुसरं काय," हे म्हणाले. एवढ्यालाही मध्ये थांबावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, खोकला आहे?"

"थोडासा."

"अख्खी इमारत त्याच्यावर सकाळी उठते," मी म्हटलं.

मग एका मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. "जोरात काका! एकदम सोडा! अजून, अजून!" आणि हे आपले जपून फुंकतायत, ओल्या रंगावर फुंकर घालावी तसे. शेवटी माझ्याकडे बघून काय वाटलं कोण जाणे, जीव खाऊन फुंकलं. मग औषधाचा फवारा ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं. आकडा फारसा हलला नाही.

"दमा असता तर बहुतेक बराच सुधारला असता," त्या म्हणाल्या. "हा सीओपीडी आहे. श्वासनळ्या अरुंद झाल्यात. आतली हवा पुरती बाहेर पडत नाही, मग नवीन हवेला जागा कुठली? सिगारेट आणि इतक्या वर्षांची धूळ. गेलं ते परत यायचं नाही. पण सिगारेट आजच सोडा, औषध रोज ओढा, धुळीपासून लांब राहा. उरलंय ते सांभाळता येईल."

"मनातलं कधी बाहेर काढलं नाही, हवा कशी काढतील?" मी म्हटलं. त्या हसल्या. मला मात्र रडू फुटलं.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. "तिला सांगितलंत, मला नाही?"

"तिला सांगितलं नाही. तिनं पाहिलं." हे थांबले, दम घेतला. "तुला कळलं असतं तर तू घर बदलायला लावलं असतंस. मग तुझी गच्ची गेली असती. झाडांशिवाय तू कोणाशी बोलणार?"

एवढं सलग हे पहिल्यांदाच बोलले. आणि बोलले काय, तर हे!

तळमजल्यावरची मागची खोली रिकामी होती, ती घेतली. मी आणि शिवणवाली एकेक कुंडी उतरवत होतो. हे पहिल्या मजल्यावर स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. "सांभाळून. कठडा धर." मग माझ्या हातातल्या कुंडीकडे बघून म्हणाले, "खाली ऊन नाही. गुलाब जगायचा नाही."

"नाही जगला तर नाही," मी म्हटलं. "तुम्ही जगा. आणि उठा आता, ते स्टूल त्या बाईंचं आहे."