पुलापर्यंत

आमच्या नागपूरकर शेजाऱ्याने आजवर जितक्या वेळा आरोग्याचा श्रीगणेशा केला, तितक्या वेळा आयर्लंडमधल्या या आमच्या ड्रोहेडा गावात ऊनही पडलेलं नाही. ओट्स आणले, पण त्यांचे पोहे करून वर लालभडक तर्री ओतली. मी टोकलं तर म्हणाला, “अबे, तेल वरून आहे, आतून हेल्दीच आहे ना!” इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. बिस्किटांचा डबा त्याने सगळ्यात वरच्या प्रेसमध्ये ठेवला, खुर्चीवर चढल्याशिवाय मिळू नये म्हणून. आठवड्याभरात तो चढण्यात इतका तरबेज झाला, की वहिनींनी गणपतीची आरास त्याच्याकडूनच करून घेतली. जिममध्ये नाव घातलं आणि तिथे तो एकदाच गेला, पार्किंग कुठे आहे ते बघायला.

गेल्या हिवाळ्यात मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर गोळ्या सुरू. मी चेष्टा करायला गेलो, तर गडी उठून आत निघून गेला. त्याच्या वडिलांचा एक पाय मधुमेहात कापावा लागला होता, हे मला तेव्हा वहिनींकडून कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिन्यांनी साखर उतरली, गोळ्या टळल्या, डॉक्टरीणबाई “ग्रँड!” म्हणाल्या. त्याने सगळं श्रेय ओट्सना दिलं. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण मधे एकदा मी त्याच्या सकाळच्या फेरीला सोबत गेलो होतो. स्वारी फोनवर गावाचं धावतं वर्णन करत चालली होती. बेकरी उघडली, कुत्रेवाल्या आजीबाईंनी नवी टोपी घातली, नदीला ओहोटी आहे. तिकडे नागपुरात त्याचे वडील दुपारचं जेवण थांबवून ऐकत होते.

तेवढ्यात आडव्या पावसाने गाठलं. टोपी ओढायला त्याने फोन स्पीकरवर टाकला. “बाबा, आज इथूनच परततो.”

“काऊन रे? पूल तं आला नाही अजून,” म्हातारबाबा म्हणाले. “चाल न हळूहळू. आपण तं रोज पुलापर्यंत जातो न.”

तो चालू लागला. मीही निमूट मागून गेलो. पुलाखाली पोचल्यावर त्याने फोन तोंडाशी धरला. “पोचलो, बाबा.”

“हं,” तिकडून समाधानाचा सुस्कारा आला. “बसू आता दोन मिनिटं. दमलो रे मी आज.”