सावनेरचा मुक्काम

दाखला देण्यात येतो की, श्री. देवराव मेश्राम, वय ५१, राहणार सक्करदरा, नागपूर, व्यवसाय गिरणीत नोकरी, हे सन १९५७ साली नागपूर ते सांची व परत असा प्रवास सायकलने तेवीस दिवसांत करून आले. सदर प्रवासाचे वर्णन त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले असून त्यावरून मराठी चित्रपट निघालेला आहे. चालचलन समाधानकारक.

चालचलनाचा प्रश्न १९७८ साली, चित्रपट लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला.

पुस्तकात एक वाक्य आहे : 'सावनेरले सिंधूताईच्या घरी जेवून राहिलो होतो, तं बाहेर टायर फुटलं.' नागपुरात याचा अर्थ, जेवत होतो. चित्रपट पुण्याच्या माणसांनी काढला. त्यांनी पुण्याचा अर्थ लावला : जेवला आणि राहिला. सिंधूताईच्या नवऱ्याला त्यांनी कोळशाच्या खाणीत रात्रपाळीला धाडलं आणि तिच्याकडून कंदील विझवून घेतला. नाव मात्र बदललं नाही. तेवढे ते पुस्तकाशी प्रामाणिक राहिले.

सिंधूताईची मुलगी जया १९५८ ची, म्हणजे प्रवासाच्या पुढच्याच वर्षीची. तिचं लग्न नानाजी रामटेक्यांच्या रवींद्रशी ठरलेलं. नानाजी व्याकरणाचे मास्तर. त्यांनी चित्रपट पाहिला, पुस्तक मिळवून वाचलं आणि रविवारी सिंधूताईला नि देवरावला घरी बोलावलं. लग्न राहणार की मोडणार, ते त्या बैठकीत ठरायचं होतं. सिंधूताईचा नवरा वारलेला. त्याला विचारायची सोय नव्हती.

"छापील मराठीत 'जेवून राहिलो' म्हणजे मुक्कामच," नानाजी म्हणाले. पुस्तक मांडीवर, बोट त्या ओळीवर.

"नाही जी मास्तर. जेवत होतो."

"मग तसं लिहायचं होतं."

आतून त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईनं, विचारलं, "चहा आणू काय जी?"

"थांब वं, मी बोलून राहिलो."

सिंधूताईनं पदर सारखा केला. "बोलून राहिले? कितीक दिवस राहता, मास्तर?"

आत कप वाजला. नानाजी हसले नाहीत, पण ओळीवरचं बोट उचललं गेलं. मग त्यांनी पान उलटलं.

"बरं. दुपारी जेवले. टायर फुटलं. अन् रात्री बैतूलच्या धर्मशाळेत झोपले." मास्तर घरच्या मराठीवर उतरले होते, हे लक्षण बरं नव्हतं. "ऐंशीच्या वर मैल, मधात घाट. एका दुपारी? यापरीस तं सिनेमाच खरा वाटते गा, देवराव."

मोहल्ल्यात देवरावला 'सांचीवाले' म्हणत. दर बुद्धपौर्णिमेला विहारात त्याचं भाषण होई. सिंधूताईला खरं माहीत होतं. सांगायचं तिनं त्याच्यावर ठेवलं होतं. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती.

"त्या रात्री बैतूलले नव्हतो," देवराव म्हणाला. "सावनेरलेही नव्हतो. टायर फुटलं, तं पाचच्या मोटरीनं वापस आलो. सायकल टपावर."

"अन् सांची?"

"कामठीले होतो, मावशीकडे. तेवीस दिवस."

"काहून गा?"

"निघताना लोकाइनं हार घातले होते."

"पुस्तकात तं तोरणं, खांब, सारं आहे."

"लायब्ररी."

नानाजींनी पुस्तक मिटलं. चित्रपटाचं खोटं एका रात्रीचं होतं, पुस्तकाचं जवळजवळ सगळ्या प्रवासाचं. आणि एवढं स्वतःहून अंगावर घेणारा माणूस एका रात्रीपुरता खोटं बोलणार नाही, असा तर्क त्यांनी केला. व्याकरणात तो बसतो की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही.

जया-रवींद्रचं लग्न मे महिन्यात झालं. विहारातलं भाषण त्या वर्षीपासून दुसरं कोणी तरी करतं. देवरावनं सांची अजून पाहिलेली नाही.